गुणवंतरावांची बिनविरोध कारकीर्द

रविवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी गुणवंत प्रधान यांनी राजीनामा ग्रुपवर टाकला. नऊ दहाला त्यावर शहात्तर अंगठे जमले आणि ते पुन्हा अध्यक्ष झाले.

लोकशाही लोकांच्या संमतीवर चालते. संमती वाचून द्यावी, असे कुठेही लिहिलेले नाही. आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या इमारतीच्या मराठी मंडळात अध्यक्ष दरवर्षी आपल्या फेरनिवडीचा एक मजकूर टाकतात आणि हरकत नसलेले सभासद अंगठा देतात. बारा वर्षांत हरकत निघाली नाही. (चौथ्या मजल्यावरच्या समाधानने एकदा प्रश्न विचारला होता. त्याला चिटणीस केले. त्यानंतर त्याला प्रश्न पडलेला नाही.)

कारकीर्द भरीव होती. पार्किंगसाठी सदतीस निवेदने गेली. पार्किंग अजून मिळायचे आहे. लिफ्टमधल्या सुरमईच्या वासावर उपसमिती नेमली. सदस्य एक: गुणवंतराव.

यंदा मात्र नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला. गुरुवारचे विमान. मंडळ कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. म्हणून स्वच्छ लिहिले होते, "मी कायमचा नाशिकला जात आहे. कुणीतरी पद घ्या."

"अहो, एकाने तरी वाचलंय का?" प्रमिलाबाईंनी बॅगेवर बसून चेन ओढत विचारले.

"समाधानने 'अभिनंदन काका' लिहिलंय."

"बाकीचे?"

"तिघांनी हॅपी बर्थडे."

संध्याकाळी समाधान लिफ्टमध्ये सापडला.

"काय काका, मस्करी करता! तुम्ही गेलात तर पार्किंगचं कोण बघणार?"

"तू."

"इन्शाल्ला," म्हणून समाधान दुसऱ्या मजल्यावरच उतरला.

बुधवारपर्यंत गुणवंतरावांनी एकवीस दारे वाजवली. एकवीस ठिकाणी चहा झाला, वीस जणांनी त्यांचे कौतुक केले. (एकविसावे घर गुजराती निघाले. त्यांनी फाफडाही दिला.)

गुरुवारी विमानतळावरच्या रांगेत उभे राहून त्यांनी शेवटचा मजकूर लिहिला, "या मजकुराला जो अंगठा देईल, तो आजपासून अध्यक्ष." आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले.

हे लिहीपर्यंत अंगठे त्र्याऐंशी झाले आहेत. मंडळात आता त्र्याऐंशी अध्यक्ष असून सभासद एकही नाही. संबंधितांना अद्याप कळवलेले नाही. आपण कुठल्या ग्रुपवर काय काय झाला आहात, हे वाचकांनी सवडीने पाहावे.