गेणूअप्पा पटकथा फोडतात

आमच्या महाळुंगे पडवळमध्ये लग्नाची पत्रिका वाटायला गेलेला माणूस पत्रिका देतो, चहा पितो आणि परत येतो. गेणूअप्पांकडे गेलेला माणूस मात्र पत्रिका घेऊनच परत येतो, आणि तिच्यावर लाल पेनानं शेरा असतो. माझ्या चुलतदिराच्या पत्रिकेवर त्यांनी लिहिलं होतं, 'पहिल्याच पानावर बेचाळीस पात्रे. पैकी एकाचेही पुढे काम नाही. नायक-नायिका भिंग घेऊन शोधावी लागली. जेवणाचा प्रसंग मात्र वेळेवर येतो. गोल्टी.'

गोल्टी म्हणजे बारका कांदा. अप्पांचा उभा जन्म तालुक्याच्या मार्केटात, एका आडत्याकडे कांद्याची प्रत ठरवण्यात गेला. मोठा, गोल, चकचकीत तो सुपर. बारका ती गोल्टी. डागी, मोड आलेला तो बदला. आता काम सुटलं, तर अप्पा सिनेमाच्या पटकथांची प्रत ठरवायला शिकताहेत. दर रविवारी सकाळी, मोबाईलवर, पुण्याच्या एका दाढीवाल्या सरांकडे. क्लासचं नाव 'पटकथेचे विश्लेषण आणि मूल्यमापन'. रेंज फक्त गोठ्यात येते, म्हणून अप्पा गव्हाणीच्या काठावर बसतात. बाकी विद्यार्थ्यांच्या मागे पुस्तकांची कपाटं दिसतात, अप्पांच्या मागे म्हैस.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण माझं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे आणि गावातलं प्रत्येक खूळ आधी माझ्याकडे छापायला येतं.

अप्पांची एकुलती लेक वैशाली मुंबईत सिनेमांसाठी लिहिते. दोन वर्षांपूर्वी तिची पहिली पटकथा पुरी झाली, तेव्हा ती छान बांधून घेऊन आली आणि तिनं बापाच्या मांडीवर ठेवली. अप्पांनी बाड हातात तोललं, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "बघू. मला काय कळतंय त्यातलं?" मग ते टीव्हीवर ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी निघताना वैशालीनं ते गुपचूप उचलून पिशवीत घातलं. वैशालीची आई, म्हणजे आमच्या काकू, जाऊन तेव्हा वर्षच झालेलं. मध्ये पडून दोघांना बोलतं करणारं घरात कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून बापलेकीचं फोनवर बोलणं म्हणजे म्हैस बरी आहे का, गुडघा बरा आहे का आणि ठेवते.

"आता तिचं दुसरं व्हत आलंय," अप्पा दुकानात येऊन मला म्हणाले होते. "शोभा, या बारीला बी मी 'कळत न्हाई' म्हनलो, तर ती तिसरं काय मला दावायची न्हाई. पोरीला यातलं काय बोलू नको पण."

मी कशाला बोलतेय? पण म्हशीसकट सगळ्या गावाला ते कळलं होतं.

सर दर आठवड्याला एक पटकथा पाठवायचे, मी ती छापून द्यायची आणि अप्पांनी तिच्यावर एक पान अहवाल लिहायचा. पहिलं बाड दिलं तसं अप्पांनी ते मधोमध उघडून सत्तावन्नावं पान ओढून काढलं, अंगठ्यानं दाबलं आणि वाचायला लागले.

"अप्पा, पहिल्या पानापासून वाचतात."

"तू मला शिकवू नको. गोणीच्या तोंडाला शेतकरी कवाबी चांगलाच माल लावतो. गोणी मधून फोडायची, मंग बुडाचं बघायचं, तोंडाचं सगळ्यात शेवटी."

त्या पद्धतीनं त्यांनी पहिला अहवाल लिहिला आणि सरांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. 'या कथेत नायक प्रथम लग्न करतो, नंतर मरतो आणि अखेरीस त्याचे बारसे होते. असा विचार पूर्वी कुणी केलेला नसावा. सुपर.' सगळा वर्ग हसला. अप्पांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी हात जोडले आणि म्हशीला बाजूला सारलं, म्हणजे सगळ्यांना आपण नीट दिसावं.

पण माणूस चिवट. तिसऱ्या रविवारी सरांनी सांगितलं, प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं. ते काय आहे हे कळलं नाही तर गोष्ट उभी राहत नाही. हे वाक्य अप्पांना असं काही चिकटलं की विचारू नका. दिसेल त्या माणसाकडे बोट करून ते विचारायला लागले, "ह्याला पायजे काय?" ग्रामसभेत सरपंच पाणीयोजनेवर पाऊण तास बोलले, तर अप्पा उठून म्हणाले, "भाषान चांगलंय, पण तुमाला पायजे काय तेच कळंना. मधला अंक लई लांबलाय राव." भर गर्दीत, दुकानात, मलाही विचारलं, "शोभा, तुला पायजे काय?" मी म्हटलं, टोनर. अप्पा म्हणाले, "वरवरचं उत्तर हाये."

सगळ्यात हाल झाले ते आणे गावाहून आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांचे. आमच्या भागात घरटी एक बिबट्याची गोष्ट असते आणि ती पाहुण्यांना सांगू द्यावी लागते, तशी रीतच आहे. पाहुणे रंगात आले होते. "सकाळी उठलो, दूध घातलं डेरीला, तिथनं गेलो चुलत्याकडं, चुलता न्हवता घरी..."

"पावणं," अप्पा म्हणाले, "बिबट्या कितव्या पानावर हाये?"

"आं?"

"लवकर आणा. प्रेक्षक उठून जातील."

पाहुण्यांनी घाईघाईनं बिबट्या उसाच्या बांधावर आणला.

"ह्याला पायजे काय?"

"शेळी! आजून काय पायजे आसनार?"

"आन् तुमाला?"

"जीव पायजे व्हता की वो मला!"

"हां! आता कसं झ्याक जमलं. त्याला शेळी, तुमाला जीव. पन मंग तुमचा चुलता काढून टाका. त्याचं काय काम न्हाई."

पाहुणे हात धुवून जेवायला बसले. बिचाऱ्यांनी आमच्याकडं ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

मग एक दिवस वैशालीची पटकथा माझ्या मोबाईलवर आली. खाली लिहिलं होतं, 'शोभाताई, अप्पांना छापून देशील? रविवारी येतेय. वाचतील असं नाही, पण दे.' मला ते शेवटचं वाक्य लागलं. मी छापलं आणि स्वतः नेऊन दिलं. अप्पांनी धोतराला हात पुसले आणि बाड दोन्ही हातांनी घेतलं. पुढचे पाच दिवस गावात कुणाचीही प्रत ठरली नाही. दोन पत्रिका तर कोऱ्या राहिल्या.

रविवारी अप्पांनी क्लास बुडवला आणि मला बोलावणं धाडलं. "तू बस हितं. पोरीम्होरं माझं त्वांड उघडायचं न्हाई." ओट्यावर एका बाजूला वैशाली, एका बाजूला अप्पा, मध्ये मी आणि चहा. अप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. वैशाली बघतच राहिली.

"अप्पा, हे काय?"

"अव्हाल."

आणि ते वाचायला लागले. शाळेतलं पोर कविता म्हणतं तसे, एका दमात. "कथा आपल्या भागातली. रचना चांगली. आईचे पात्र सुपर. आई चुलीपुढे बोलते ते प्रसंग..." इथं त्यांनी चष्मा वर सरकवला. "ते प्रसंग मी दोनदोनदा वाचले. कुठं काय काढून टाकायला जागा न्हाई."

"मधून फोडलंत?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. पयल्या पानापासनं. चार येळा." मग ते पुन्हा कागदाकडे वळले. "दोष एकच. बापाचे पात्र गोल्टी. एकशेचार पानांत अकरा वेळा बोलतो, त्यात नऊ वेळा 'बघू' म्हणतो. ह्याला पायजे काय ते शेवटपर्यंत कळत न्हाई. लेखिकेने सुधारावे."

मी कपाळाला हात लावला. हा माणूस आपल्याच पात्राला गोल्टी ठरवून बसला होता, आणि त्याला ते कळलं होतं की नाही, देव जाणे.

वैशाली हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "मी किती वेळा लिहायचा प्रयत्न केला, अप्पा. नाही जमलं. इतकी वर्षं या घरात वाढले, पण त्याला काय पाहिजे ते मला कधी कळलंच नाही."

अप्पांनी चष्मा काढला. गावभर ज्याला त्याला विचारत फिरलेला प्रश्न त्यांना स्वतःला कुणी विचारलाच नव्हता. मला आता तिथं बसवेना आणि उठवेनाही. गोठ्यात म्हशीनं शेपटी आपटली.

"लिव्हून घे," अप्पा म्हणाले.

तिनं पेन काढलं.

"त्याला ते पयलं बाड पायजे. टीव्हीवर ठिवलेलं. पोरगी परत घिऊन गेली ते." अप्पांनी चष्मा धोतराला पुसला. "त्याला कळत न्हाई म्हनून त्यानं वाचलं न्हाई, आसं न्हाई. काय कळलं न्हाई तर पोर हासंल, म्हनून भ्याला त्यो. ती निघाली तवा 'ऱ्हाऊ दे हितं' म्हनायचं व्हतं त्याला. म्हनला न्हाई."

वैशालीनं शब्दन्‌शब्द लिहिला. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं ते तिनं ओढणीनं टिपलं. मग विचारलं, "कितव्या पानावर घालू हे?"

"पयल्या," अप्पा म्हणाले. "गोणीच्या तोंडालाच लाव. लोकांना दिसू दे."

दुसऱ्या दिवशी ती पहिली पटकथा माझ्या मोबाईलवर आली. एकशेतीस पानं. मी म्हटलं, अप्पा, छापून घरी आणून देते, उन्हात थांबू नका. ऐकतात कुठले! मशीनला खेटून उभे राहिले आणि पान बाहेर पडेल तसं, गरम गरम, हातात घेऊन पहिल्यापासून वाचायला लागले. मागं अकरावीची पोरं झेरॉक्ससाठी खोळंबली होती.

"अप्पा, सरका ना जरा," एक पोरगी म्हणाली.

"थांब," अप्पा मान वर न करता म्हणाले. "माझ्या लेकीचं हाये."