एक्केचाळिसाव्या पानावरचं बाळ

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि झोप कुणाचीच नाही. म्हणूनच चोवीस तास हजर असलेली या घरातली एकमेव गुप्तहेर मी. दुपट्याच्या नुसत्या वासावरून बाळ किती वाजता दूध प्यालं ते सांगते. उरल्या वेळात लेखकांची हस्तलिखितं टाइप करून देते.

बाळंतपणानंतरचं पहिलंच काम एका रहस्यकादंबरीचं होतं. उरलेली प्रकरणं संपादकबाईंकडे चारपर्यंत गेली नाहीत, तर पुढची कामं दुसरीकडे जाणार होती. तीन वाजता, बाळ मांडीवर झोपलेलं असताना, मी टाइप केलेलं वाचायला घेतलं. पान एक्केचाळीस. अंधाऱ्या तळघरात नायक ओठांवर बोट ठेवून म्हणत होता, "बाळानं ओलं केलंय, पाच मिनिटांत आले."

कादंबरीत बाळ नव्हतं. शिवाय नायक पुरुष होता, निदान "आलो" तरी म्हणायचं.

पहिला संशय नवऱ्यावर.

"मी लिहिलं असतं तर 'मिनिटांत'वर अनुस्वार नसता," तो म्हणाला.

पुरावा भक्कम होता. त्याला सोडून दिलं.

दुसरा संशय टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. महिनाभर मी त्याच्याकडे नवनव्या सोयी मागत होते: एका हातानं लिहिता यावं, बाळ उठायच्या आधी सूचना मिळावी. माझी दया येऊन तेच आई झालं असावं. तिसरा संशय लेखकावर: नायक मुळात बाई आहे, हाच कादंबरीचा शेवट. या सिद्धांतावर माझा फार जीव जडला.

सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. "लेखकाच्या कागदावर काय लिहिलंय?"

"नुसतं 'शू'."

"मग त्या दिवशी हौसेनं दाखवलंस ते काय होतं? शू लिहिलं की आपोआप वाक्य येतं म्हणून?"

सॉफ्टवेअर उघडताना आधी एक सूचनांची फाइल वाचतं. संपादकबाईंना एका हातानं निरोप धाडता यावा, म्हणून तिच्यात ती ओळ मीच घातली होती.

"अहो आई, पण ही गप्प बसायची शू आहे."

"त्याला काय कळतंय, कुठली ते."

ओळ काढली. नऊ ठिकाणी नायकाला गप्प केलं. पावणेचारला प्रकरणं पाठवली आणि मग आठवलं, आधीची सात कालच तशीच गेली होती.

फोन वाजला. संपादकबाई.

"ते बाळाचं वाक्य," त्या म्हणाल्या. "लेखकांना विचारलं. म्हणाले, राहू द्या, नायकाला पहिल्यांदाच घर असल्यासारखं वाटलं. फक्त 'आलो' करा. आणि पुढचं पुस्तक तुमच्याकडेच येतंय. त्यात बाळ सहा महिन्यांचं होईल. तोवर दात येतात का, ते तुम्हाला विचारायला सांगितलंय."