मागच्या ट्रॉलीचं म्हणणं

पुष्कळ वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका धुक्याच्या सकाळी, माझ्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली खाकरली. पाव्हणा उंबऱ्याशी येऊन खाकरतो तसा तो आवाज होता. अजून कानात आहे.

उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून मी हायवेने कारखान्याला निघालो होतो. ट्रॉली म्हणाली, "तात्या, माझ्या पाठीला लाल दिवा लावा. नाहीतर एक दिवस दौलतराव येऊन आदळतील."

दौलतराव माझे जावई. रोज सकाळी दुधाचे कॅन लावून मोटारसायकलवर त्याच रस्त्याने यायचे.

तिचं म्हणणं मला पटलं. ट्रॅक्टरच्या कपाळाला गोंडे, हार, लिंबू-मिरची. तिच्या पाठीला नुसतं एक लाल फडकं, तेही धुळीने मातकट झालेलं. पण ट्रॉल्या कारखान्याच्या. विचारल्याशिवाय खिळाही ठोकायचा नाही.

शेतकी अधिकारी जाचकसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ट्रॉली बोलते यात त्यांना काही गैर वाटलं नाही. दिवा मागते यात वाटलं. हिला दिला तर पुढचीही मागेल, म्हणाले. मी पुढचीला विचारलं. तिला नको होता. साहेब म्हणाले, आज नको असेल. शिवाय धुक्यात धोका नसतो, घाई करणाऱ्यात असतो.

मग त्यांनी मागच्या ट्रॉलीचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. शाल नेमकी लाल फडक्यावर पांघरली, आणि तिचा रंग धुक्याचा होता. दोन शब्द बोलायला सांगितल्यावर ट्रॉली म्हणाली, "दिवा." टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली शेतातून हलेना. तिच्यामागे सगळ्या गाड्या खोळंबल्या. साहेब जीपमधून आले. तिने त्यांना सरळ सांगितलं, "धोका नाही म्हणणाऱ्यांनी माझ्या पाठीशी बसावं. मग मी चालते."

साहेब नियमाचे. असं करू नये, असा नियम सापडेना, म्हणून ते बसले. मागच्या फळीला आम्ही खुर्ची बांधली, तोंड रस्त्याकडे. साहेबांचे कपडे पांढरेशुभ्र.

हायवेला लागलो. धुकं इतकं की मला ट्रॅक्टरचं नाकही दिसेना. काही वेळाने मागून मोटारसायकल ऐकू आली. साहेबांचा आवाज त्याआधी मी कधी इतका मोठा ऐकला नव्हता. मग ब्रेक किंचाळले.

मी ट्रॅक्टर थांबवून मागे पळालो. मोटारसायकलचं पुढचं चाक खुर्चीपासून हातभर. दूध सगळं रस्त्यावर, पण जावई उभे होते. मी त्यांचे दोन्ही खांदे चाचपून पाहिले. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मी ठीक आहे, मामा," ते म्हणाले. मग खुर्चीकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, दिवा कधी लावताय?"

ट्रॉलीही ऐकत होती.

साहेब खुर्चीतून उतरले. सदरा नीट केला. उसाला हात लावत लावत मागची ट्रॉली ओलांडली, पुढची ओलांडली, ट्रॅक्टरही ओलांडला, आणि धुक्यात चालत निघून गेले.