सत्तावीस कंदांचा बंदोबस्त

सूनबाईच्या घरात अपघात होत नसत. तशी परवानगीच नव्हती!

फ्रिजच्या दारावर सतरा ओळींची यादी चिकटवलेली होती. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, ड्रॉवरना कुलपं, औषधं वरच्या फळीवर, सुया त्याच्याही वर, आणि सगळ्यात वर, जिथे स्टुलावर चढूनही तिचा स्वतःचा हात पुरत नसे तिथे, प्रथमोपचाराची पेटी. या सगळ्याचं कारण होता भोपू. वय चौदा महिने, आवाज ट्रकच्या हॉर्नचा, म्हणून नाव भोपू. त्याचं एकच तत्त्व होतं: जग हे चाखून बघायचं असतं! आतापर्यंत कोटाचं बटण, बुटाच्या पॉलिशचं झाकण, आजोबांच्या चष्म्याची एक दांडी आणि पोस्टमनचा अंगठा एवढं चाखून झालं होतं. पोस्टमन हल्ली पत्रं लांबूनच टाकायचा.

तर अशा या घरात, स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या खालून दुसऱ्या फळीवर, सत्तावीस विषारी कंद उघड्यावर पडले होते. आणि सूनबाईला त्याचा पत्ताच नव्हता!

म्हणजे कंद आहेत हे माहीत होतं. ते सासूबाईंचे होते. खिडकीखालच्या चिंचोळ्या पट्टीत त्या दर वर्षी डॅफोडिल लावायच्या. वसंतात पिवळी फुलं, मग पानं वाळली की कंद उपसायचे, झटकायचे, सावलीत वाळवायचे आणि शरदात परत लावायचे. त्यात त्या कुणाला हात लावू देत नसत. यंदाही उन्हाळ्याच्या तोंडाशी कागदी पिशव्या भरून ठेवल्या होत्या. तीन पिशव्या, प्रत्येकीत नऊ. वर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ‘शरदात लावायचे. ओले करू नका. मी येतेच आहे.’

हॉस्पिटलात त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवसांनी त्यांच्या चपला तेवढ्या परत आल्या.

तेव्हापासून सासरे त्या पिशव्यांना जपत होते. सासरे म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं दुकानदारांच्या तागड्या तपासण्यात गेली, त्यामुळे माणसावरही विश्वास ठेवायचा तर आधी तोलून. दर रविवारी ते पितळी तराजू काढायचे आणि तिन्ही पिशव्या तोलायचे.

“हलका झाला की कंद मेला, असं ती म्हणायची,” ते सांगायचे. “अजून जिवंत आहेत सगळे.”

एवढं बोलून झालं की आठवडाभर त्यांच्या तोंडून फारसं काही निघत नसे. घरात एकच तारीख उरली होती: शरदातला तो लावणीचा दिवस. त्या दिवसासाठीच ते सकाळी उठतात आणि दाढी करतात, हे सूनबाई बघत होती.

आणि मग तिने पुस्तक आणलं.

हौसेने आणलं हो! लावणीत बाबांना मदत होईल म्हणून. पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीत होतं: ‘डॅफोडिलचा कंद विषारी असतो. कांद्यासारखा दिसत असल्याने लहान मुलांपासून दूर ठेवावा.’ सूनबाईने तिथेच पुस्तक मिटलं. पुस्तक जेवणाच्या टेबलावर तसंच पडून राहिलं आणि ती नवऱ्याला गाठायला धावली.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. सगळ्या गावाला नीट बघायला लावायचा, स्वतः मात्र काही बघायचा नाही.

“फेकून देऊया,” ती म्हणाली.

“आईचे कंद? वेडी आहेस का? बाबा अंथरूण धरतील.”

“मग वर ठेवू. कुलपात.”

“आणि रविवारी तराजूत काय घालतील? तुला?”

सूनबाईने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, सासरे फिरायला गेले असताना, मोहीम पार पाडली. हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा. चिमट्याने एकेक कंद उचलला, बॉम्ब उचलावा तसा, आणि प्लास्टिकच्या डब्यात ठेवला. डबा चार बाजूंनी खटके लागणारा, मुंगीच काय, मुंगीचा विचारही आत जाणार नाही असा! डबा गेला प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी. आणि पिशव्यांत आले बाजारातून वेचून आणलेले सत्तावीस छोटे कांदे. इतके हुबेहूब, की तिला स्वतःच्याच नजरेचं कौतुक वाटलं. हेच ते शिक्षण! वाया जात नाही कधी.

रविवारी सासऱ्यांनी तराजू काढला. तोलला. थांबले. पुन्हा तोलला.

“दोनशे ग्रॅम वाढलेत.”

सूनबाईच्या हातून चमचा पडला. “हवा... हवा दमट आहे ना बाबा.”

“हं,” सासरे म्हणाले आणि तिच्याकडे चष्म्यावरून असं पाहिलं, जसं पूर्वी ते मालाच्या पारड्याच्या तळाला मेण लावणाऱ्या वाण्याकडे पाहत असत. पुढच्या रविवारी मात्र म्हणाले, “बाळसं धरलंय.”

खाई त्याला खवखवे! त्यानंतरचे रविवार सूनबाईने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पण तिचा बेत पक्का होता. लावणीच्या आदल्या दिवशी कांदे बाहेर, कंद आत. कुणाला कळायचं कारणच नाही.

आदला दिवस उजाडला. तिने स्टुलावर पाट, पाटावर जाडजूड शब्दकोश, त्यावर स्वतः, असं करून डबा खाली काढला आणि खटका उघडला.

डब्यातून जो वास आला त्याला वास म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं! आत कंद नव्हतेच. काळपट लगदा होता, त्यावर राखाडी लव, आणि तळाशी तपकिरी पाणी. सडक्या कांद्याची अख्खी वखार त्या एका डब्यात बसली होती. सूनबाई मोरीकडे धावली. परत आल्यावर तिला टेबलावरचं पुस्तक दिसलं. पान दुसरं: ‘कंदांना सतत हवा लागते. बंद डब्यात ते सडतात. डॅफोडिलचे कंद दर वर्षी उपसलेच पाहिजेत असंही नाही, वर्षानुवर्षं मातीत राहू शकतात.’

एक पान. फक्त एक पान उलटलं असतं तर!

ती जमिनीवर बसून राहिली. मेलेल्या माणसाचं एकच जिवंत काही तरी घरात उरलं होतं, आणि ते तिने सुरक्षिततेने मारलं होतं. तिने दुकानात फोन लावला.

“अरे, आई गेल्या.”

मग नवरा हळूच म्हणाला, “त्या... आधीच गेल्यात ना?”

“कंद रे! सडले! सगळे!”

नवऱ्याने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, जरा वेळ घेतला आणि जन्मात एकदाच सुचतो तसा सल्ला दिला. “कांदे लाव.”

“काय?”

“बाबांना कळणार नाही. आयुष्यात कधी कांदा चिरलाय त्यांनी? वसंतापर्यंत तरी सुखाने जगतील.”

“आणि वसंतात?”

“वसंतात उंदरांवर घालू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात खुरपं, वरच्या खिशात फूटपट्टी. नवऱ्याने सुट्टी घेतली होती आणि तो भोपूला कडेवर घेऊन अपराध्यासारखा उभा होता. सासऱ्यांनी पहिला खड्डा घेतला. सहा इंचांवर खुरपं कच्चकन कशाला तरी अडलं.

“दगड,” ते म्हणाले. जरा सरकून दुसरा घेतला. तिथेही अडलं. “कमाल आहे! हिने इतकी वर्षं माती चाळली, आणि दगड कुठून आले?” शेवटी मधल्या जागेत एक खड्डा जमला. त्यांनी पिशवीतून एक कांदा काढला आणि सूनबाईपुढे धरला.

“पहिला तू लाव. तिने तुलाच सांगितलं असतं.”

सूनबाईने कांदा हातात घेतला. लावणार, तोच तिच्या तोंडून असा हुंदका फुटला, की भोपूसुद्धा दचकून गप्प झाला.

“बाबा, हा कंद नाही! कांदा आहे! मी सगळे बदलले!”

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. सासरे शांतपणे म्हणाले, “माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“कांदे आहेत हे माहीत आहे. मीच ठेवलेत.”

“तुम्ही नाही, मी ठेवलेत!”

“अगं, मी ठेवलेत! तुझं ते पुस्तक टेबलावर होतं. मीही वाचलं ना. म्हटलं, पोरगं तोंडात घालेल आणि तू हाय खाशील. म्हणून खरे कंद त्याच संध्याकाळी काढून ठेवले आणि कांदे भरले. बाजारात इतके हुबेहूब मिळाले म्हणून सांगू! जुळे भाऊ जणू.”

“मग तोलत का होतात दर रविवारी?”

“तुला संशय येऊ नये म्हणून! आजही तुझ्यादेखत कांदेच लावून रात्री गुपचूप खरे लावणार होतो. आणि ते दोनशे ग्रॅम वाढले, तेव्हा मला वाटलं तू चुकून जेवणात वापरलेस आणि गुपचूप नवे आणून ठेवलेस. म्हटलं, वापरू दे. घरात आधीच रडारड कमी आहे का?”

सूनबाईला हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे तिने मास्क लावून, चिमट्याने, पोहण्याचा चष्मा घालून जे सडवलं, ते कांदे होते! नुसते कांदे! तिने सासऱ्यांचे हातच धरले.

“मग खरे कुठे आहेत?”

“तिच्या जुन्या पायमोज्यांत. तिच्या कपाटात, टांगून. हवा खेळती राहते,” सासरे ऐटीत म्हणाले. “मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय.”

ते आत गेले आणि दोन लांब, गाठी गाठींचे पायमोजे घेऊन आले. हारासारखे दोन्ही हातांवर धरले होते. त्यांनी एक गाठ सोडली. त्यातून वर आलेला हिरवा कोंब डॅफोडिलच्या पानासारखा चपटा नव्हता. गोल होता, नळीसारखा पोकळ. आणि सूनबाईच्या नाकाला, जे कालपासून त्या एका वासात तज्ज्ञ झालं होतं, तो वास आला.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “हेही कांदेच आहेत.”

“थट्टा करू नकोस.”

“खरंच बाबा. वास घ्या.”

सासऱ्यांनी नखाने साल काढली. नाकाशी नेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे कुणी विचारलं नाही. दुसरा सोलला. तिसरा. मग ते तिथेच, इस्त्रीच्या शर्टानिशी, मातीत बसले.

“मला औषधाच्या दुकानात पाठवलं होतं तिने त्या दिवशी,” ते म्हणाले. “परत आलो तर पिशव्या भरून तयार. म्हणाली, झाले बघा उपसून. मी हात पाहिले तिचे. स्वच्छ होते. नखांत माती नव्हती. मी म्हटलं, वा, आज लवकर धुतलेस. तीस वर्षं तागडी धरणाऱ्याचे हात ओळखत आलो मी. अर्धा छटाक चोरला तरी कळायचं.” त्यांनी सोललेला कांदा मुठीत धरला. “वाकताच येत नव्हतं गं तिला. मला म्हणाली, कंबर अवघडलीय.”

नवऱ्याने भोपूला खाली ठेवलं आणि तोंड फिरवून घेतलं.

सूनबाई मात्र खड्ड्याकडे बघत होती. त्या पहिल्या, दगडाच्या खड्ड्याकडे. ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी माती सारली. रबरी मोजे नाहीत, काही नाही. खाली एक कंद होता. खुरप्याने त्याचा गाल कापला गेला होता, आत पांढराशुभ्र. तळाला नव्या मुळ्या सुटल्या होत्या. शेजारी दुसरा. त्याच्या पलीकडे तिसरा. सासूबाईंनी जिथे लावले होते तिथेच, ओळीत, सगळे.

“उपसलेच नाहीत त्यांनी,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातली फूटपट्टी काढून त्यांनी खोली मोजली.

“सहा इंच,” ते म्हणाले. “बरोब्बर.” आणि दोन्ही हातांनी माती परत लोटायला लागले, पांघरूण सारखं करावं तशी.

तेवढ्यात मागून आवाज आला. कर्रम. कर्रम.

तिघांनी एकदम वळून पाहिलं. भोपू मातीत फतकल मारून बसला होता. गाल फुगलेले, डोळ्यांतून धारा, हनुवटीवर लाळ, आणि मुठीत अर्धं उरलेलं पांढरं काही तरी!

“थुंक! थुंक!” सूनबाईने झेप घेतली. नवऱ्याने बाळाला उलटं धरलं, सासऱ्यांनी पाठीत थापट्या मारल्या, भोपूने हॉर्न वाजवला आणि पोस्टमन, जो नुकता फाटकाशी आला होता, पत्रं तिथेच टाकून पळाला. सूनबाईने भोपूच्या मुठीतला तुकडा ओढून घेतला, हुंगला आणि मटकन खाली बसली.

कांदा होता.

त्यानंतर महिनाभर त्या घरात कांदा विकत आणावा लागला नाही. सासूबाईंचे कांदे मात्र कुणी चिरले नाहीत. सासऱ्यांनी ते पिशव्यांत घालून, चिठ्ठी लावून, होते त्याच फळीवर ठेवले. अजून दर रविवारी तोलतात. हलके होत चाललेत, पण ते आता तसं म्हणत नाहीत.

वसंतात सगळ्यात आधी कोंब त्यांनाच दिसले. घरात येऊन एवढंच म्हणाले, “येते म्हणाली होती.”

सत्ताविसांतली सव्वीस फुलं आली. सत्ताविसावं कुठे गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे: खुरप्याने त्याचा गाल कापला होता. सूनबाईने तर ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तकही आता तिने शेवटपर्यंत वाचलंय, दोनदा.

तरी ती रोज सकाळी फुलं मोजते. आणि मग भोपूचं तोंड उघडून बघते.