तिसरा मजला येत नाहीये

मावशीने कपड्यांच्या कपाटात शिरून आतून दार ओढून घेतलं, तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. टिटवीने ध्वनिमुद्रण चालू करून फोन फटीतून आत सरकवला.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवणाऱ्या पंधरा वर्षांच्या भाचीला मावशीने दुसरं म्हणायचं तरी काय? या क्षणी मात्र टिटवी श्वास रोखून उभी होती. मावशीच्या आयुष्यातला पहिला सिनेमा पणाला लागला होता.

मावशी आवाज देण्याचं काम करायची. बँकेतला, दवाखान्यातला, बसस्थानकावरचा आणि त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमधला "दरवाजा बंद होत आहे" हा आवाज तिचा. इमारतीत मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता, कारण तिचा घरातला आवाज आणि कामाचा आवाज यांची एकमेकांशी साधी तोंडओळखही नव्हती. बारा वर्षं दरवाजे बंद केल्यावर आता कुठे तिला एक परदेशी सिनेमा मराठीत करायला मिळाला होता. पाच अनोळखी माणसं पेट्रोल पंपावर अडकतात, बाहेर जगाचा बोऱ्या वाजतो आणि रेडिओवर एक बाई सूचना देत राहते. ती बाई म्हणजे मावशी. पण दिग्दर्शक तीन दिवस एकच पालुपद लावून बसला होता, "मॅडम, जग बुडतंय. तिसरा मजला येत नाहीये." आज एक वाजता जमलं नाही, तर तो दुसरी बाई बोलावणार होता.

कपाटातून आवाज आला. खालच्या पट्टीतला, थंडगार, शेवटाकडे थरथरणारा.

"ही शेवटची सूचना आहे. दारं-खिडक्या लावून घ्या. ओळखीचं माणूस आलं तरी आत घेऊ नका. ते आता तुमच्या ओळखीचं राहिलेलं नाही. यानंतर याच आवाजात 'सगळं ठीक आहे' असं ऐकू आलं, तर विश्वास ठेवू नका."

टिटवीच्या अंगावर सरसरून काटा आला. मावशी बाहेर आली ती पांढरीफटक होऊन, एका पायावर उड्या मारत आणि दुसरा पाय झटकत. भूमिकेत शिरणं म्हणतात ते हेच असावं, असं टिटवीला वाटलं. मावशीने ओठांवर बोट ठेवलं आणि वहीत लिहिलं, 'एक वाजेपर्यंत मौन. हे दिग्दर्शकाला पाठव. घशाच्या गोळ्या आण.'

टिटवीने एका हाताने चपला चढवल्या, दुसऱ्या हाताने ध्वनिफीत पाठवली आणि ती जिना उतरली. स्टुडिओच्या ग्रुपचं नाव 'आपला आवाज' होतं. त्याच्या बरोबर खाली इमारतीचा ग्रुप होता, 'आपला आसरा'. अंगठा एक ओळ खाली पडला होता. फोन मुका केलेला असल्यामुळे पुढची वीस मिनिटं टिटवीला याचा गंधही नव्हता.

गोळ्या घेऊन ती परतली, तेव्हा गल्लीच्या टोकाला असलेली इमारत तिला आधी नीट ओळखूच येईना. सगळ्या खिडक्या बंद. ना कुणाचा टीव्ही, ना कुणाचं भांडण. अंगणातला झोपाळा रिकामाच हलत होता, नुकतंच कुणाला तरी त्यावरून ओढून नेल्यासारखा. फाटकाला साखळी होती आणि साखळीपलीकडे वॉचमन. डोक्यावर हेल्मेट.

"काका, काय झालं?"

"मागं हो," वॉचमन म्हणाला. तिला रोज 'शाळेला उशीर झाला ना आज' म्हणून चिडवणारा तो माणूस, आज तिच्याकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहत होता.

सिनेमात अगदी अस्संच होतं. आधी झोपाळे हलतात, मग ओळखीची माणसं डोळे फिरवतात. "माझी मावशी वर आहे हो."

"मावशी असेल. तू कोण, ते सांग."

"मी टिटवी."

"नाव कुणीही सांगेल. मावशीच्या पायपुसण्यावर काय लिहिलंय?"

टिटवीने त्या पायपुसण्यावर आजवर हजारदा पाय पुसले होते, पण वाचलं एकदाही नव्हतं.

पहिल्या मजल्यावरची खिडकी चार बोटं उघडली. आत दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. "आ कर," त्या म्हणाल्या. "तिची उजवी दाढ मी भरलीये."

टिटवीने रस्त्यात उभं राहून आ केला. डॉक्टरीणबाईंनी फोनच्या कॅमेऱ्यातून डोळे बारीक करून पाहिलं. "दाढ तीच आहे. बाकीच्या मुलीची हमी मी देणार नाही." खिडकी बंद.

रडू आवरत टिटवीने मावशीला कळवायला फोन काढला. इमारतीच्या ग्रुपवर सत्तेचाळीस निरोप येऊन पडले होते आणि सगळ्यात वर तिने स्वतः पाठवलेली सूचना होती. जग बुडण्याची भीती एका क्षणात गेली आणि तिच्या जागी त्याहून मोठी भीती आली. मावशीची. सव्वाबारा वाजले होते.

तिने धडाधड टाइप केलं, 'चुकून आलं. सिनेमातलं आहे. तो मावशीचाच आवाज आहे.'

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सेक्रेटरी उगवले. फाटकाची किल्ली त्यांच्या मुठीत होती. "पोरी, तुझ्या मावशीचा आवाज आम्ही रोज भिंतीतून ऐकतो. हा तो नव्हे. हा आपल्या लिफ्टचा आहे. आणि लिफ्ट आजवर कधी खोटं बोललीये का?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मावशी आली. पर्स खांद्याला, ग्रुप वाचून झालेला, चेहऱ्यावर सगळं समजल्याचा काळोख. तिने क्षणभर डोळे मिटले, मौन मोडलं आणि आपल्या कमावलेल्या, शांत, गोड आवाजात म्हणाली, "सगळं ठीक आहे. कृपया फाटक उघडा."

धाड, धाड, धाड. उरलेल्या फटीही बंद झाल्या. सेक्रेटरी किल्लीसकट आत पळाले. वॉचमनने साखळीला आणखी एक वेढा दिला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

मावशीने घड्याळ पाहिलं. मग खाली टिटवीला पाहिलं. मग टिटवीच्या पायांकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"अगं भवाने, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून गाव हिंडतेस? फोन हातात आला की डोळे काय खुंटीला टांगतेस? ओला टॉवेल रोज पलंगावर, दूध रोज उतू, आणि आज अख्खी इमारत कोंडून घातलीस? आधी वर ये, तुझी टिटवीची चिमणी करते!"

तो आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा गल्लीभर गेला. खिडक्या एकेक करून उघडल्या. लोकांच्या चेहऱ्यावर, हरवलेलं माणूस सापडावं तसं समाधान होतं.

"याच त्या," सेक्रेटरी भरल्या गळ्याने म्हणाले. "हे सोंग कुणाला जमायचं नाही."

"सव्वासातला रोज ऐकतो मी," वॉचमनने हेल्मेट काढलं आणि वरून आलेल्या किल्लीने फाटक उघडलं.

मावशी धावत खाली आली. टिटवीला काहीतरी सणसणीत बोलायला तिने तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. आवाज पार बसला होता.

रिक्षात ती रडलीसुद्धा आवाजाशिवाय. टिटवी आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं गप्प बसली.

एकला पाच कमी असताना दोघी स्टुडिओत पोचल्या. मावशीने घशाकडे बोट दाखवलं. दिग्दर्शकाने सुस्कारा सोडून दुसऱ्या बाईला लावायला फोन उचलला. तेव्हा टिटवी पुढे झाली.

"एकदा हे ऐका. मी चुकीच्या लोकांना पाठवलं होतं."

दिग्दर्शकाने हेडफोन चढवले. अर्ध्यावर त्याने मान वर केली. संपल्यावर तो उठला, दाराशी गेला आणि आतून कडी घातली. मग जरा ओशाळून परत आला.

"हेच ठेवू," तो म्हणाला. "मॅडम, तीन दिवस मी मागतोय ती भीती आज आणलीत कुठून?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वही ओढली आणि लिहिलं, 'कपाटात झुरळ होतं. पायावर चढलं.'

सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्याने टिटवी हसली. मावशी हसली नाही. ती खांद्यावरच्या पर्सकडे टक लावून पाहत होती. हीच पर्स सकाळी त्याच कपाटात लटकत होती. पर्सची चेन चार बोटं उघडी होती आणि तिच्यातून दोन मिशा सावकाश बाहेर येत होत्या.

मावशीने ओरडायला तोंड उघडलं. आवाज नव्हताच. तिने वहीत लिहिलं, 'आलंय.'

वाचायला सगळे जवळ आले, आणि पुढच्या क्षणी खुर्च्यांवर चढले. एकटा दिग्दर्शक दाराकडे धावला. आणि कडी काही केल्या निघेना.