दिगूकाका आणि हरवलेल्या मेल

दिगूकाका कॉम्प्युटर दुरुस्त करण्याआधी त्याला शिव्या घालत. मालवणीत, थेट त्याच्या मूळ पुरुषापासून. माझ्या मालवणच्या सायबर कॅफेतून कॉलेजच्या मुली त्यामुळे दारातूनच परत फिरत. "तुझा गिऱ्हाईक जाऊंदे, पण ह्येचो माज उतराक व्हयो," असं काका वर मलाच सुनावत.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. मोबदला म्हणून फक्त चहा घेई, तोही बिघाड सापडल्यावरच. एका प्रिंटरपायी त्यांनी दोन दिवस बिनचहाचे काढले. तिसऱ्या दिवशी कळलं, त्याची वायरच लावली नव्हती.

आचऱ्याची सुंदरआये बाजारात मासे विकून झाले की कॅफेत येई. तिचा मुलगा जहाजावर. तो कॅफेच्या पत्त्यावर मेल करी, मी वाचून दाखवी. मी नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्याची मेल येणंच थांबलं. दोन महिने ती हेलपाटे घालत राहिली. मग एकदा म्हणाली, "इसारलो रे माका," आणि यायची बंद झाली.

हे कळल्यावर काका उठले. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर मी फक्त प्रिंट काढायला चालू ठेवला होता. त्यात मागे आपोआप चालू राहिलेला मेलचा प्रोग्राम त्यांनी समोर आणला. आत मुलाच्या नऊ मेल!

"गाढवा," काका माझ्यावर कडाडले, "ह्या जुन्याची पद्धत पॉप. पेटीतली पत्रां उचलता, घराक नेता, पेटी मोकळी! नव्याची आयमॅप. तो पेटीतच डोकावन वाचता. जुनो आधीच सगळा उचलता, मग नव्याक काय दिसतला, तुझा कपाळ?"

पुढे माझ्या मूळ पुरुषाचा उद्धार झाला. मग काकांनी जुन्याचं मेल आणणं बंद केलं, नऊ मेल छापल्या आणि मला ओढत आचऱ्याची एसटी गाठली.

सुंदरआये घरासमोरच्या खळ्यात, अंगणात, जाळं विणत होती. मी चूक कबूल केली. काका चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले. शेवटच्या मेलमध्ये मुलाने लिहिलं होतं, "आये, जबाब कित्याक देनस नाय? रागावलंस माझ्यार?"

आयेने पदर तोंडाला लावला. काकांनी तिथेच तिचा जबाब कागदावर उतरवून घेतला.

डोळे पुसून तिने विचारलं, "तुका रे कोण लिवता?"

"माका?" काकांनी कागद उगाच सारखे केले. "कोण नाय गो."

मग पहिली मेल वर घेत म्हणाले, "पयल्यापासून परत वाचू?"