तपासून पाहिले आहे

बाजार जगाला खुला केला की रोजगार वाढतो, हे सिद्ध झालेले सत्य आहे. (ते कोणी सिद्ध केले हे शोधायला समिती नेमली आहे; तिथेच अकरा जणांची सोय झाली.)

कुलूपकाकांचेच पाहा. कुलपांच्या कारखान्यात एकतीस वर्षे ते तपासनीस होते. प्रत्येक कुलूप कानाशी धरून तीनदा उघडायचे, मग त्याला शेजारच्या कुलपाची किल्ली लावून पाहायची. ती फिरली की कुलूप भंगारात. कामगार याला ‘शेजारधर्म’ म्हणत. पुढे परदेशी कुलपे एक तृतीयांश किमतीत आली आणि कारखाना बंद पडला. चारशे बारा कामगार बेकार झाले नाहीत. अहवालानुसार ते ‘संक्रमणात’ गेले.

काका मात्र त्याच इमारतीत परत लागले. तिथे आता त्याच परदेशी कुलपांचे गोदाम होते. काम एकच, आलेल्या कुलपांवर ‘तपासून पाहिले आहे’ अशी चिठ्ठी चिकटवायची. (रोजगार शंभर टक्के टिकला. पाहणीतील व्यक्ती : एक.)

पण जित्याची खोड. तिसऱ्या दिवशी काकांनी सहज शेजारधर्म पाळला. कुलूप उघडले. मग त्याच किल्लीने आणखी चाळीस उघडली. काका घाम पुसत व्यवस्थापकांकडे गेले.

“काका, तपासायला कोणी सांगितलं होतं?”

“साहेब, चिठ्ठीवर तसं लिहिलंय.”

“लिहिलंय ना? मग झालं तर.”

काकांनी त्यानंतर एकही चिठ्ठी चिकटवली नाही, म्हणून अकार्यक्षमतेच्या कलमाखाली त्यांना घरी पाठवण्यात आले. नोकरी गेली याचे दुःख होतेच. पण एकशे नव्वद कुलपांवर आपल्या हाताने खोटे चिकटवले, हे त्यांना जास्त लागले. घरी काकूंनी दार उघडले. कडीला नवेकोरे कुलूप लटकत होते.

“स्वस्त मिळालं हो,” काकू म्हणाल्या. “शेजारणीनंही घेतलं.”

काकांनी कुलूप हातात घेऊन पाहिले. त्यावरची चिठ्ठी त्यांनीच लावली होती, जरा तिरकी.

तुम्हीही तेच घेतले असणार. घाबरू नका, काका सरळमार्गी आहेत. तुम्हीही आहातच. फक्त हे वाचताना तुमची नजर आधी आपल्या दाराकडे गेली की शेजाऱ्याच्या, तेवढे कोणाला सांगू नका.